न वाचलेले : शून्य

प्रमोद,

वर्षावहिनींशी मी खोटं बोललो. तू गेलास त्याच सकाळी, धायरीच्या तुझ्या घरात, तुझ्या चपला अजून दारात होत्या तेव्हा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला मेल केला होता ना त्यानं ऑपरेशनचा? म्हणाला होता, सतीशला कळवलंय, तो वाचतो सगळं." आणि मी म्हणालो, "नाही हो वहिनी, मला मिळालाच नाही. स्पॅममध्ये गेला असेल."

तेव्हा ते अर्धंच खोटं होतं. तू मेल केला होतास हे मला खरोखर माहीत नव्हतं. पण केला असलास तर तो स्पॅममध्ये गेलेला नाही, हे माहीत होतं. कुठे गेला असेल तेही माहीत होतं. वहिनींनी उलट माझीच समजूत काढली. म्हणाल्या, "मशीनचं काय, कुणाचं कुठे टाकेल." मी मान हलवली आणि खाली सतरंजीवर जाऊन बसलो.

आपल्या मेलिंग लिस्टवरच्या लोकांनी तुझ्याविषयी चार परिच्छेद मागितले होते. ते मी इंग्रजीत लिहून दिले. त्यातलं सगळं खरं होतं, फक्त मी त्यात नव्हतो. हे दुसरं लिहितोय. यात मी आहे, म्हणून हे लिहायला जड जातंय.

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो. तू यवतमाळहून इंजिनिअरिंगला आलास आणि सदाशिव पेठेत आमच्याच बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहिलास. एका खोलीत चार कॉट, त्यातली दाराजवळची तुझी. माझी आई तुला जिन्यात गाठायची आणि विचारायची, "प्रमोद, जेवलास का रे?" मला विचारायची, "तू अजून घरातच?" आता तू म्हणशील, अबे सत्या, आईच्या पोळीवरून जळत होता काय? हो. पोळीवरूनच सुरुवात झाली. पुढे पोळीच्या जागी दुसऱ्या गोष्टी आल्या, एवढंच.

तू संध्याकाळी भवानी पेठेत सलीमभाईंच्या डीटीपी सेंटरवर टायपिंगला जायचास. तिथे एका समाजाची वधूवर सूची बनत होती आणि कॉम्प्युटर आडनावं भलत्याच क्रमानं लावत होता. सलीमभाई तुझ्यावर ओरडले होते, "अरे प्रमोद, क्षीरसागर ही शेवटच्या पानावरची माणसं! यांना मध्ये कुणी घुसवलं? मला त्यांचे फोन येतायत!" तू ते प्रकरण माझ्याकडे घेऊन आलास. मी पंधरा दिवस बसून भारतीय लिप्यांमधली नावं नीट क्रमानं लावणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तू त्यातल्या चुका शोधल्यास. 'अनुक्रम' हे नाव तुझं. तो सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, हा हट्टही तुझाच. मला वाटलं होतं की दहा-बारा जण वापरतील. मग कन्नडवाले आले, मल्याळमवाले आले, नेपाळहून एक जण आला. वाचनालयांच्या याद्या, शाळांचे हजेरीपट, कुठल्या कुठल्या सरकारी खिडक्या. आणि हे सगळे लोक एकमेकांशी बोलत होते ते आपल्या मेलिंग लिस्टवर. एकच पत्ता. त्या पत्त्यावर कुणीही काहीही लिहिलं की ते सगळ्यांच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडायचं.

पहिल्या वर्षी दिवसाला दोन मेल आले तर आपण एकमेकांना फोन करून सांगायचो.

आणि मग पूर आला. चूक नोंदवली की मेल. चूक दुरुस्त केली की मेल. दुरुस्तीवर कुणी शेरा मारला की मेल, शेऱ्यावर दुसऱ्यानं 'मलाही हाच त्रास होतोय' म्हटलं की मेल. रोज पहाटे मशीन आपोआप सगळ्या चाचण्या चालवायचं आणि त्यांचे निकाल धाडायचं. शिवाय दोन शहाणे एका स्वल्पविरामावरून आठवडाभर भांडायचे, ते वेगळंच. चांगली माणसं लिस्ट सोडून जायला लागली. जी राहिली त्यांनी आपापल्या मेलबॉक्सला फिल्टर लावले, म्हणजे अमक्याचं आलं तर इकडे टाक, तमक्याचं आलं तर दाखवूच नकोस. मीही लावले. तो काही गुन्हा नव्हता. नाहीतर नोकरी करता आली नसती.

तू एकही फिल्टर लावला नाहीस. धायरीहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दीड तास बसून तू सगळं वाचायचास. मांडीवर दोनशे पानी वही, हातात बॉलपेन. कुणी काय विचारलं, कुणी उत्तर दिलं, कुणाचं उत्तर राहिलं. आणि रविवारी सकाळी, दहाच्या सुमाराला, लिस्टवर तुझा एक मेल यायचा. आठवड्याचा गोषवारा. स्क्रीनवर एका नजरेत मावेल एवढा. ज्याला रोजचा पूर नको होता तो रोजचे मेल बंद करून फक्त तेवढा वाचायचा आणि त्याचं काही अडायचं नाही. शेवटच्या चार-पाच ओळींत तू नावं द्यायचास. अमकीनं मंगळवारी विचारलं होतं, तिला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. तमका तीन आठवडे थांबला आहे. त्या यादीत नाव आलं की सोमवारपर्यंत त्या माणसाला उत्तर मिळायचं. लाज वाटून का होईना, कुणीतरी द्यायचंच.

तुझं इंग्रजी कच्चं होतं, प्रमोद. आर्टिकल कुठे घालायचं ते तुला शेवटपर्यंत जमलं नाही. सुरुवातीला मी तुझा गोषवारा पाठवण्याआधी तपासून द्यायचो. मग एकदा कोचीच्या एका मुलीनं लिहिलं, 'प्रमोदचे मेल वाचले की समोर बसून बोलल्यासारखे वाटतात.' त्यानंतर मी तपासायचं बंद केलं. तुला सांगितलं, वेळ नाही. वेळ होता.

मी नवीन आवृत्ती काढायचो. सहा-सहा महिने खपून अख्खं इंजिन आतून बदलायचो, त्याचा वेग दुप्पट करायचो, आणि ते जाहीर करणारा मेल टाकायचो. त्यावर उत्तरं यायची दोन. एक 'अभिनंदन' आणि दुसरं 'माझ्याकडे चालत नाही.' तुझ्या गोषवाऱ्यावर मात्र लोक आपल्या गावचे आंबे कसे झालेत ते लिहायचे. मी ते मोजायचो. हे लिहायला लाज वाटते, पण मी उत्तरं मोजायचो.

एकदा माझ्या हातून मोठी चूक झाली होती, आठवतं? माझ्या एका ओळीमुळे एका जिल्हा वाचनालयाच्या अख्ख्या सूचीची उलथापालथ झाली. लिस्टवर तीन दिवस मला सोलून काढलं लोकांनी. रविवारी तुझा गोषवारा आला. त्यात लिहिलं होतं, सूचीचा प्रश्न सुटला, सतीशनं दोन दिवस खपून दुरुस्ती केली. चूक कुणाची हे तू कधीच लिहायचा नाहीस. दुरुस्ती कुणाची एवढंच लिहायचास. त्या वेळी दोन्ही माझ्याच होत्या, त्यामुळे मीच शूर ठरलो. मला तुझे उपकार वाटले आणि त्याच वेळी तुझा रागही आला. मला वाचवायचा अधिकार तुला कुणी दिला, असं काहीतरी. आभार मानायचे राहिले. ते आज मानतो. आता मानून काय, असं तू म्हणणार नाहीस, तेवढा तू चांगला होतास, आणि तुझं तेच मला सहन व्हायचं नाही.

मग ती बंगळुरूची परिषद. माझं भाषण चाळीस मिनिटांचं होतं. मी दोन महिने तयारी केली होती. भाषण संपलं, प्रश्नांची वेळ आली, आणि पहिलाच हात वर गेला. मी खूश झालो. तो माणूस म्हणाला, "प्रमोद आलेत का? गोषवारावाले?" तू शेवटच्या रांगेत वेफर्स खात होतास. तू हात वर केलास, त्यात पाकीट होतं, आणि अख्खं सभागृह मागे वळून टाळ्या वाजवायला लागलं. मीही वाजवल्या. स्टेजवरून. माझ्याकडे सगळ्यांची पाठ होती.

रात्रीच्या बसनं परत येताना तू म्हणालास, "सत्या, भाषण लय भारी झालं बे. मले अर्धं नाही समजलं, पण लय भारी."

मी म्हणालो, "झोप आता."

पुण्याला आल्यावर मी आपोआप गोषवारा करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तुला सांगितलं नाही. तीन महिने शनिवार-रविवार त्यात घातले. आठवड्याचे सगळे मेल तो वाचायचा, विषयानुसार त्यांचे गठ्ठे करायचा, कशावर किती चर्चा झाली ते मांडायचा. चांगला होता, आजही म्हणतो. एका रविवारी सकाळी सहा वाजता त्याचा पहिला गोषवारा लिस्टवर गेला. दहा वाजता तुझा गेला. दुपारपर्यंत नेपाळच्या त्या माणसानं लिहिलं होतं, 'मशीनवरून काय झालं ते कळतं. प्रमोदकडून कळतं की कोण थांबलंय.'

त्या संध्याकाळी तू फोन केलास. पहिलं वर्ष सोडलं तर तू फोन करायचा नाहीस, ते तुझं तत्त्व होतं. फोन म्हणजे समोरच्याच्या हातातलं काम हिसकावून घेणं, मेल तो सवडीनं वाचेल, असं तू म्हणायचास. त्या दिवशी केलास.

"सत्या, तू मले आधी सांगाले पाह्यजे होतं."

"तुझा वेळ वाचावा म्हणून केलं रे."

"माझा वेळ मी तुले मागितला होता काय?"

"प्रमोद, लोक कंटाळलेत. हाताने किती दिवस करणार आहेस तू? उद्या तू आजारी पडलास तर?"

"मंग तू करशील ना."

मग तूच म्हणालास, "प्रोग्रॅम चांगला केला आहे पण. लय डोकं लावलं तू."

चिडला असतास तर मीही चिडलो असतो, दोन महिन्यांनी सलीमभाईंनी मध्ये पडून मिटवलं असतं. तू कौतुक केलंस. फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि फिल्टर लिहिला. पाठवणारा : प्रमोद. समोर दाखवू नये. वाचलेला म्हणून खूण करावी. 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकावा.

आता जे वहिनींना सांगितलं नव्हतं ते नीट सांगतो. त्या फॉर्ममध्ये खाली आणखी एक चौकट असते. तिथे लिस्टचा पत्ता घातला असता तर फक्त लिस्टवरचे तुझे मेल 'नंतर'मध्ये गेले असते, आणि तू मला एकट्याला लिहिलेलं माझ्यापर्यंत आलं असतं. पंचवीस वर्षं मी हेच काम करतो. अटी लिहिणं हा माझा धंदा आहे. त्या दुसऱ्या चौकटीत मी माऊस नेला होता. काही क्षण तिथे थांबलोसुद्धा. आणि चौकट रिकामी ठेवून 'जतन करा'वर क्लिक केलं.

ती चूक नव्हती, प्रमोद. चुका कशा होतात ते मला ठाऊक आहे, मी पुष्कळ केल्या आहेत.

नंतर आपली भेट झाली ती एकदाच, सलीमभाईंच्या मुलीच्या लग्नात. "वाचतो ना बे माझे मेल?" तू बिर्याणीच्या रांगेत हसत विचारलंस. मी म्हणालो, "सगळे वाचतो." तू मान डोलावलीस आणि रायत्याचा वाडगा माझ्याकडे सरकवलास. तू विश्वास ठेवलास. वहिनींना तू तेच सांगितलंस, सतीश वाचतो सगळं.

तुला अग्नी देऊन आलो त्याच दुपारी मी 'नंतर' उघडला. फोल्डरच्या नावापुढे न वाचलेल्या मेलचा आकडा असतो. तिथे काही नव्हतं. म्हणजे शून्य. एकही मेल वाचलेला नव्हता आणि आकडा शून्य होता, कारण 'वाचलं' असं म्हणायला मीच मशीनला शिकवलं होतं.

फक्त मला लिहिलेले तीन होते.

पहिला : 'सत्या, एक काम होतं. छातीत दुखून राहिलं होतं म्हणून दाखवलं, तर बायपास करा म्हणतात. घाबरण्यासारखं नाही. दोन रविवार गोषवारा सांभाळशील का? तुझं मशीन लावलं तरी चालेल, मी वापरून पाहिलं, वरचा भाग ते माझ्यापेक्षा बरा करते. फक्त खालची नावं हातानं लिही. कोणी राहू देऊ नको.'

दुसरा, आठ दिवसांनी : 'घाई नाही. तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली आहे.'

तिसरा, ऑपरेशनच्या आदल्या रविवारी : 'कामात असशील. मी दवाखान्यातूनच करून टाकतो, वर्षा ओरडून राहिली आहे पण लॅपटॉप आणू दिला. तू रागात आहेस हे समजते मले. आपलं भांडण बाकी आहे. परत आलो की भांडू.'

म्हणजे आपल्या वादात तू हार मानली होतीस. वरचा भाग मशीनचा, खालचा माणसाचा. मला जे तीन महिने कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं ते तू लिहून पाठवलं होतंस, आणि ते माझ्याच फोल्डरमध्ये पडून होतं. दवाखान्यात बसून तू केलेला तो शेवटचा गोषवाराही तिथेच होता. खाली चार नावं होती. मी चारही नावं दोनदा वाचली. तूही थांबला होतास, तीन आठवडे. तुझं नाव त्यात नव्हतं.

हे सगळं माहीत झाल्यावरही मी खोटं मागे घेतलं नाही. उलट ते वाढत गेलं. तेराव्याला वहिनींनी तुझ्या यवतमाळच्या मोठ्या भावाशी माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, "हे सतीश भाऊजी. यांना मेलच मिळाला नाही हो. नाहीतर रोज दवाखान्यात आले असते." तुझ्या भावानं माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही मनाले लावून घेऊ नका, साहेब." त्यांची बोटं थेट तुझ्यासारखी आहेत. मी म्हणालो, "नाही, नाही." कशाला 'नाही' म्हणालो ते मलाच कळलं नाही.

सलीमभाईंनी सेंटरवर शोकसभा ठेवली होती. भिंतीवर मोठा पडदा लावून लांबलांबची माणसं त्यावर घेतली होती. लहान लहान चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा. कोचीची ती मुलगी रडत होती. नेपाळचा माणूस नुसता हात जोडून बसला होता. सलीमभाई माझ्या कानाशी म्हणाले, "सतीश, बोल ना चार शब्द. तुझ्याइतकं कोण ओळखत होतं त्याला?" मी उठलो. आणि बोलायच्या आधी मी त्या चौकटी मोजल्या, प्रमोद. माझ्या वेळी किती असतील, असा विचार केला. तू जाऊन सोळा दिवस झाले होते आणि मी तुझ्या शोकसभेत उभा राहून तुझ्यावर जळत होतो.

बायकोला सांगितलं. मेघना म्हणाली, "मला काय सांगतोयस? मी थोडीच वर्षा आहे?"

मागच्या गुरुवारी वहिनींचा फोन आला. तुझा मोबाईल दिवसभर वाजतो म्हणाल्या. दवाखान्यात डॉक्टरांचा फोन चुकू नये म्हणून तुझ्या लेकीनं, आर्यानं, त्याचा आवाज चालू केला होता, तो तसाच राहिला. लिस्टवरचा प्रत्येक मेल आला की टिंग. चूक नोंदवली टिंग, दुरुस्त केली टिंग. "फोन बंद ठेवता येत नाही हो. गॅसचे, विम्याचे, सगळ्याचे ओटीपी त्याच्यावर येतात. आवाज बंद केला तर ओटीपी कळत नाही. आर्या अभ्यासाला बसते आणि दर टिंगला दचकते. तुम्ही येऊन ते मेल तेवढे थांबवून द्या ना."

मी म्हणालो, रविवारी येतो. बाकी काही नाही, फक्त तुझं नाव लिस्टमधून काढायचं होतं. पाच मिनिटांचं काम. आणि मला कळलं की ते करून, चहा पिऊन मी घरी आलो तर हे खोटं कायमचं खरं होऊन बसेल. पुन्हा त्या घरात जायला कारण उरणार नाही. वहिनी आयुष्यभर लोकांना सांगत राहतील की बिचाऱ्याला मेलच मिळाला नाही.

काल रविवार होता. सिंहगड रोडला नेहमीसारखी गर्दी होती आणि मला ती कमी वाटली. दार आर्यानं उघडलं, "काका, बसा" म्हणाली आणि क्लासला गेली. वहिनी जेवणाच्या टेबलावर शाळेतल्या गणिताच्या वह्या तपासत होत्या. तुझा फोन त्यांच्या शेजारी होता. मी बसेपर्यंत दोनदा वाजला.

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी तो हातात घेतला नाही.

"वहिनी, प्रमोदचे मेल स्पॅममध्ये गेले नव्हते."

त्यांनी वर पाहिलं.

"मी त्याचे मेल मला दिसणार नाहीत अशी सोय केली होती. लिस्टवरचे पण आणि मला एकट्याला लिहिलेले पण. मुद्दाम केली होती. ऑपरेशनबद्दल त्यानं तीन वेळा लिहिलं. मी त्याला अग्नी देऊन आल्यावर वाचलं."

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे मला ते बघायचे नव्हते."

"का? त्यानं काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. लोकांना तो आवडायचा."

लाल पेनाचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी वाट बघत होतो. मला वाटत होतं, आता त्या रडतील किंवा जा म्हणतील.

"म्हणजे तुम्हाला त्याचा हेवा वाटायचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यालाही तुमचा वाटायचा." त्यांचा आवाज अगदी वर्गात बोलतात तसा होता. "रोज म्हणायचा, सत्या लिहितो ते वर्षानुवर्षं चालतं, मी लिहितो ते लोक सोमवारी विसरून जातात. तुमची नवीन आवृत्ती आली की दोन दिवस धड जेवायचा नाही. माहीत नव्हतं ना तुम्हाला?"

"नाही."

"वाटायचा. पण तो वाचायचा."

फोन वाजला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग वहिनी म्हणाल्या, "करा ते काम."

मी तुझं नाव लिस्टमधून काढलं. खात्री आहे का, असं स्क्रीनवर विचारलं गेलं, मी हो म्हटलं. नंतर काही वाजलं नाही. तेवढ्यात त्यांनी पाच-सहा वह्या तपासल्या असतील, मी मोजल्या नाहीत, पण वह्या बाजूला ठेवल्याचा आवाज येत होता. फोन त्यांच्यापुढे ठेवून मी उठलो.

"भाऊजी, आज मी तुम्हाला चहा विचारत नाही," त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "मला तुमचा फार राग आलाय. तो किती दिवस राहील सांगता येत नाही. यवतमाळच्या दादांना मी हे कळवणार आहे. तुम्ही सांगणार असाल तर आज सांगा, नाहीतर उद्या मी सांगेन."

मी म्हणालो, आजच सांगतो. तुझ्या सोसायटीच्या गेटजवळ उभा राहून तुझ्या भावाला फोन केला आणि सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

आणि आता तुला एक शेवटचं सांगतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. वहिनींच्या दारातून निघून जिना उतरताना मला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते असं, की या पम्यासाठी इतकं रागावणारं माणूस घरात आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी तुझा हेवा करत आलो होतो. तिथे कठड्याला धरून उभा राहिलो, आणि मग मला रडू आलं.

तुझा,
सत्या